तरंगत्या पंपाची मोटर वारंवार ट्रिप होते? आधी पाण्याची पातळी लिहून काढा

नगरपालिकेच्या योजनेत तराफ्यावर पंप बसवला की वर्षभरात एक तक्रार हमखास येते. जलाशय काठोकाठ भरलेला असतो तेव्हा मोटर तापते, अँपिअर चढतात आणि ओव्हरलोड रिले पडतो. पाणी खाली गेलं की ट्रिपिंग आपोआप बंद होतं, पण आता टाक्याच भरत नाहीत. मधल्या काळात मोटर रिवाइंड होऊन येते, बेअरिंग बदलली जातात, कोणीतरी रिलेचं सेटिंग थोडं वर सरकवतं. जलाशय पुन्हा भरतो आणि तक्रार जशीच्या तशी परत.

माझ्या पाहण्यातल्या अशा बहुतेक प्रकरणांत मोटरचा काहीच दोष नव्हता. तराफा पाण्याबरोबर वरखाली होतो हे सगळ्यांना दिसतं. त्याच्याबरोबर पंपावरचं हेडही (पाणी चढवायची उंची आणि पाइपमधलं घर्षण मिळून, मीटरमध्ये) बदलतं, आणि पंप मात्र एकाच पातळीचं हेड धरून निवडलेला असतो. जॅकवेलमध्येही (काठावरच्या पंपाच्या विहिरीत) पातळीप्रमाणे हेड बदलतं, पण तिथे ते डोळ्यांसमोर असतं, म्हणून डिझायनर त्याचा विचार करतो. तराफ्यावर सक्शनची खोली कायम राहते, त्यामुळे "पातळीचा प्रश्न मिटला" असं वाटून जातं. मिटतो तो सक्शनचा प्रश्न. डिलिव्हरीचा तसाच उरतो.

नेमकं काय पडलं ते आधी बघा

"मोटर ट्रिप झाली" ही नोंद उपयोगाची नाही. ओव्हरलोड पडला, सिंगल फेजिंग झालं (तीनपैकी एक फेज गेला), अर्थ लीकेज पडला (करंट जमिनीकडे गळला), ड्राय रन पडला (पंप पाण्याविना चालला) की व्होल्टेज कमी झालं, हे ऑपरेटरने लॉगबुकात लिहिलंच पाहिजे. पावसाची सर आली की अर्थ लीकेज पडत असेल तर पंपाला हात लावू नका. केबलचा जॉइंट किंवा ग्लँड उघडून बघा. तराफ्यावरची केबल रोज हलते, वाकते, लाटेबरोबर घासते. तिचा ताण जॉइंटवर येता कामा नये, आणि होज पूर्ण ताणला गेला तरी केबलला ढील उरलेली असावी.

ओव्हरलोड पडत असेल तर तिन्ही फेजचे अँपिअर आणि व्होल्टेज एकाच वेळी मोजा. व्होल्टेज काठावरच्या पॅनेलमध्ये नाही, तराफ्यावरच्या जंक्शन बॉक्समध्ये, मोटर चालू असताना. काठापासून तराफ्यापर्यंतच्या लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि तेवढाच भार ओढायला मोटर जास्त करंट घेते. हे मोजमाप पात्र इलेक्ट्रिशियननेच करावं, लाइफ जॅकेट घालून आणि सोबत दुसरा माणूस ठेवून. ओल्या लोखंडी तराफ्यावर एकट्याने पॅनेल उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

चार आकड्यांची वही

व्होल्टेज ठीक असेल आणि तरीही ओव्हरलोड पडत असेल, तर एक वही करा. रोज एकाच वेळी चार गोष्टी लिहा: जलाशयाची पातळी, डिलिव्हरी गेजचा दाब, अँपिअर, फ्लो मीटरचा आकडा. किती पंप चालू होते तेही शेजारी. पातळी दोन-तीन मीटरने सरकली की या वहीतून जे कळतं ते पंप उघडूनही कळत नाही.

गेजबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही सोय फक्त तरंगत्या पंपालाच आहे. गेज तराफ्यावर, पंप आणि व्हॉल्व्हच्या मधे असेल तर ते तराफ्याबरोबरच वरखाली होतं. त्याची पाण्यापासूनची उंची बदलत नाही. म्हणून सबमर्सिबल किंवा व्हर्टिकल टर्बाइन पंपाचं त्या क्षणाचं एकूण हेड काढायला फार काही लागत नाही: गेजचा दाब मीटरमध्ये, अधिक गेजची पाण्यापासूनची उंची, अधिक थोडं व्हेलॉसिटी हेड. गेजच्या नळीत गाळ बसतो, त्यामुळे वाचन घेण्याआधी कॉक उघडून नळी धुवून घ्या. बंद नळीवर उभी राहिलेली सुई लोकांना महिनोन् महिने फसवते.

याच जागेवरून पंपाची तब्येतही तपासता येते. पंप रेडियल प्रकारचा (पाणी शाफ्टपासून बाहेर फेकणारा) असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह फार तर अर्धा मिनिट पूर्ण बंद करून गेज बघा. हे शट-ऑफ हेड. जलाशय भरलेला असो की तळाला गेलेला, तराफ्यावरच्या गेजवर ते सारखंच दिसायला हवं, कारण व्हॉल्व्हच्या पुढची चढण त्यात येतच नाही. सप्लायची फ्रीक्वेन्सी तीच असून हा आकडा वर्षागणिक उतरत असेल तर इंपेलर (पंपाचं फिरणारं चक्र) किंवा त्याच्याभोवतीची वेअर रिंग झिजली आहे. सारखा राहत असेल तर पंप ठणठणीत आहे आणि दोष सिस्टीममध्ये शोधायचा. अ‍ॅक्शियल (पाणी शाफ्टच्या दिशेने ढकलणाऱ्या) किंवा मिक्स्ड फ्लो पंपावर ही चाचणी करू नका. बंद व्हॉल्व्हवर त्यांची पॉवर सर्वात जास्त लागू शकते आणि मोटर जळू शकते.

एक उदाहरण आकड्यांतून

समजा पातळीतला फरक १२ मीटर आहे. तळाच्या पातळीला स्टॅटिक हेड (नुसती उभी चढण) २६ मीटर, जलाशय पूर्ण भरल्यावर १४ मीटर. ताशी ५०० घनमीटर वाहताना रायझिंग मेनमधलं (पाणी वर नेणाऱ्या मुख्य पाइपमधलं) घर्षण १० मीटर. डिझायनरने उन्हाळ्याचा विचार करून ५०० घनमीटर आणि ३६ मीटरवर पंप घेतला. पंपाचं शट-ऑफ हेड ४६ मीटर, आणि डिस्चार्जच्या वर्गाच्या प्रमाणात ते कमी होत जातं असं धरू.

तळाच्या पातळीला सगळं कागदाप्रमाणे चालतं. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे ६१ किलोवॅट लागतात. आता जलाशय भरला. स्टॅटिक हेड १२ मीटरने उतरलं, पंप जास्त पाणी ढकलू लागला, त्याबरोबर घर्षण वाढलं आणि नवा समतोल ताशी सुमारे ६३२ घनमीटरवर, ३० मीटर हेडला झाला. पंप कर्व्हवर आपल्या सर्वोत्तम बिंदूपासून उजवीकडे, जास्त डिस्चार्जकडे सरकल्यामुळे कार्यक्षमता घसरते. ७२ टक्के धरली तर ७२ किलोवॅट लागतात. म्हणजे भार सतरा-अठरा टक्क्यांनी वाढला. ६१ किलोवॅटवर दहा टक्के मार्जिन ठेवून मोटर घेतली असेल तर ती दर भरलेल्या जलाशयाला पडणारच. तिच्यापेक्षा पुढच्या साइजची मोटर असली तरी कमी व्होल्टेज आणि भर दुपारची गरमी एकत्र आली की मार्जिन संपतं.

उलट चूकही तितकीच होते. भरलेल्या जलाशयाचं २४ मीटर हेड धरून पंप घेतला, तर तळाच्या पातळीला तोच पंप ताशी जेमतेम ३१६ घनमीटर देतो. शहराला पाणी सर्वात जास्त हवं असतं त्या महिन्यांत पुरवठा ६३ टक्क्यांवर. मग लोक म्हणतात पंप म्हातारा झाला. नवा आणतात, त्याच हेडचा.

या उदाहरणात गेजकडेही बघा. पातळी १२ मीटरने उतरली तरी पंपाचं हेड ३० वरून ३६ वर, म्हणजे सहाच मीटर चढलं. उरलेलं घर्षण कमी होण्यात जिरलं. तुमच्या वहीत पातळी उतरताना गेज चढतंय आणि अँपिअर उतरतायत, असं दिसलं तर निदान झालं: रेडियल पंप आहे, भरलेल्या जलाशयाला रन-आउटला जातो, म्हणजे डिझाइनपेक्षा खूप जास्त पाणी ढकलतो. पातळी उतरूनही गेज हललं नाही आणि डिस्चार्ज मात्र घटला, तर होज गळतोय, पंप झिजलाय किंवा हवा ओढतोय. आणि पातळी उतरताना अँपिअर चढत असतील तर पंप अ‍ॅक्शियल घराण्यातला आहे. तो भरलेल्या जलाशयाला सुखात असतो आणि उन्हाळ्यात ट्रिप होतो. सगळ्यांना एकच औषध द्यायचं नाही ते यासाठी.

समांतर पंप असतील तर आणखी एक सापळा. तीन पंप एका रायझिंग मेनवर चालतात तेव्हा घर्षण मोठं असतं. त्यातले दोन बंद केले की घर्षण कोसळतं आणि उरलेला एकटा पंप रन-आउटला जातो. "रात्री एकच पंप चालवतो तेव्हाच ट्रिप होतो" अशी तक्रार असेल तर कारण हेच, आणि जलाशय भरलेला असेल तर दोन्ही कारणं एकावर एक बसतात.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने

रिलेचं सेटिंग मोटरच्या नेमप्लेटच्या करंटच्या वर नेणं हा उपाय नाही. तो वाइंडिंग जाळण्याचा मार्ग आहे.

आजच्या आज करण्यासारखं म्हणजे डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळून डिस्चार्ज डिझाइनवर आणणं. वरच्या पंपाला त्याने ७२ चे ६१ किलोवॅट होतात. पण वीज वाया जाते, आणि बटरफ्लाय व्हॉल्व्ह महिनोन् महिने अर्धवट उघडा ठेवला की त्याची डिस्क आणि सीट खराब होते. सक्शनला व्हॉल्व्ह असेल तर तो आवळण्याचा विचारही करू नका.

पातळीतला फरक मोठा असेल तर व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्हला मी पहिला नंबर देतो. आपल्या उदाहरणात भरलेल्या जलाशयाला वेग ८६ टक्क्यांवर आणला, म्हणजे ५० हर्ट्झऐवजी ४३, तर तेच ५०० घनमीटर २४ मीटरला मिळतं आणि शाफ्टवर ४३ किलोवॅटच्या आसपास लागतात. व्हॉल्व्ह आवळण्याशी (थ्रॉटलिंग) तुलना केली तर १८ किलोवॅटची बचत, तीही तासन् तास. ड्राइव्ह तराफ्यावर ठेवू नका. काठावर कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा आणि लांब केबलसाठी आउटपुट फिल्टर घ्या, नाहीतर मोटरच्या इन्सुलेशनवर ताण येतो.

इंपेलर ट्रिम करण्याचा, म्हणजे त्याचा व्यास कापून कमी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पातळीतला फरक दोन-तीन मीटरचाच असेल तर ठीक आहे. मोठ्या फरकावर ट्रिम केलेला इंपेलर उन्हाळ्यात पाणी चढवणार नाही, आणि कापलेलं धातू परत जोडता येत नाही. मल्टिस्टेज व्हर्टिकल टर्बाइन असेल तर हंगामाप्रमाणे एक स्टेज कमी-जास्त करणं शक्य असतं, पण त्यासाठी पंप उचलावा लागतो आणि तराफ्यावर तेवढी उचलण्याची सोय क्वचितच असते.

नवीन डिझाइन करत असाल तर निविदेत एकच ड्यूटी पॉइंट (डिस्चार्ज आणि हेडची एकच जोडी) देऊ नका. किमान, सरासरी आणि कमाल अशा तीन पातळ्यांचे सिस्टीम कर्व्ह (कोणत्या डिस्चार्जला किती हेड लागतं ते) द्या, एक पंप आणि सगळे पंप चालू अशा दोन्ही स्थितींत. पंप सर्वात जास्त तास ज्या पातळीला चालणार, तिथे त्याची सर्वोत्तम कार्यक्षमता मागा. मोटर मात्र संपूर्ण पट्ट्यातल्या कमाल पॉवरवर ठरवा.

करंटची सुई थरथरते, खडखड आवाज येतो

हा वेगळा आजार, पण अनेकदा वरच्या आजारासोबतच येतो. डिलिव्हरी व्हॉल्व्ह जरासा आवळून ऐका. आवाज कमी झाला तर पंप जास्त पाणी ओढत होता. आवाज वाढला तर तो आधीच कमी डिस्चार्जवर चालतोय आणि आतल्या आत पाणी फिरतंय.

सक्शन किती खोल हवं, यासाठी हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या ९.८ मानकातलं सूत्र वापरतात: बेलमाउथच्या (सक्शनच्या घंटेसारख्या तोंडाच्या) व्यासाला (१ + २.३ × फ्राउड क्रमांक) ने गुणायचं. फ्राउड क्रमांक म्हणजे त्या तोंडातल्या पाण्याच्या वेगावरून आणि व्यासावरून निघणारा आकडा. ३५० मिलिमीटर बेल आणि ताशी ५०० घनमीटर असेल तर सुमारे ०.९८ मीटर पाणी बेलच्या वर हवं. तोच पंप ६३२ घनमीटरला गेला की १.१४ मीटर लागतं. तराफ्यावर ही खोली वेल्डिंगने ठरलेली असते, ती वाढत नाही. म्हणून रन-आउटला गेलेला पंप भरलेल्या जलाशयातही हवा ओढू शकतो, आणि "एवढं पाणी असताना हवा कुठून?" असं म्हणत लोक चुकीच्या जागी शोधत बसतात. भोवरा डेकच्या खाली असतो, वरून दिसत नाही. बेल ४५० मिलिमीटरची केली तर ५०० घनमीटरला ०.८८ मीटर पुरतं. बेलभोवती आडवी प्लेट लावल्यानेही भोवरा तुटतो.

जलपर्णी आणि प्लास्टिक गाळणीवर बसलं की उरलेल्या भोकांतून वेग वाढतो आणि हीच लक्षणं दिसतात. गाळणी वर उचलून साफ करता येईल अशी रचना नसेल तर ती साफ होणार नाही, हे गृहीत धरा. तळाला पातळी गेल्यावर बेलखाली किती पाणी उरतं तेही दोरीला वजन बांधून मोजा. तराफा काठाजवळ असेल तर तिथे गाळ साचलेला असतो, आणि पंप तोच गाळ इंपेलरमधून शुद्धीकरण केंद्राकडे पाठवतो.

तराफा झुकतो

चारही कोपऱ्यांवर फ्रीबोर्ड (पाण्यापासून डेकपर्यंतची उंची) मोजा: सगळं बंद असताना, एक पंप चालू असताना, सगळे चालू असताना. सगळं बंद असताना जुन्या नोंदीपेक्षा कमी भरला तर तराफ्याच्या पोकळ कप्प्यात पाणी शिरलंय. ८ × ५ मीटरचा तराफा प्रत्येक सेंटिमीटरला ४०० किलो सांगतो. तीन सेंटिमीटर खाली गेला म्हणजे १२०० किलो पाणी आत आहे. अर्धवट भरलेला कप्पा फार धोकादायक, कारण तराफा कलला की आतलं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. कप्पे बंद पेशींच्या फोमने भरलेले असावेत, किंवा निदान प्रत्येकाला तपासणीचं झाकण असावं.

रुंदीत काटकसर करू नका. तराफ्याचा कल रोखणारी ताकद रुंदीच्या घनाशी बांधलेली असते. रुंदी निम्मी केली की ती एक अष्टमांश होते. वरच्याच तराफ्यावर सगळं मिळून २० टन वजन असेल, गुरुत्वमध्य तळापासून दीड मीटरवर असेल आणि एक टनाचा पंप मध्यापासून दोन मीटर बाजूला नेला, तर कल सुमारे दोन अंश येतो. तेवढा चालतो. तेच वजन निम्म्या रुंदीच्या तराफ्यावर ठेवलं तर तो उलटेल.

पंप सुरू झाल्यावरच तराफा सरकत किंवा झुकत असेल तर पाइपकडे बघा. ४०० मिलिमीटर पाइपमध्ये चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब असेल तर पाइपच्या तोंडावर सुमारे ४.४ टन जोर येतो. टाय रॉड नसलेला रबरी बेलो जॉइंट मधे असेल तर हा सगळा जोर तराफ्याला काठापासून दूर ढकलतो आणि नांगराच्या दोरांवर येतो. दोर दर काही महिन्यांनी तुटतात, जाड दोर आणले जातात, तेही तुटतात. टाय रॉड लावा, आणि काठावरच्या टोकाला थ्रस्ट ब्लॉक (हा जोर पेलणारा ठोकळा) आहे का ते बघा.

नांगराच्या दोरांची लांबी पातळीप्रमाणे सोडावी-आवळावी लागते. भरलेल्या जलाशयाला ताठ झालेला दोर तराफ्याचा कोपरा खाली ओढतो. उन्हाळ्यात ढिला पडलेला दोर तराफा वाहू देतो आणि मग होज नांगराचं काम करू लागतो. एचडीपीई पाइप उन्हात तापला की वाढतो. १०० मीटरला ३० अंशांच्या फरकाने अर्धा मीटर किंवा थोडं जास्तच. सरळ, ताठ जोडलेली लाइन म्हणूनच फ्लँजपाशी वाकते.

वीज परत आली की ट्रिप

ही तक्रार छोटी दिसते आणि पंपाचा शाफ्ट तोडते. वीज गेली, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसला नाही, रायझिंग मेनमधलं पाणी पंपातून उलटं येऊ लागलं आणि इंपेलर उलटा फिरू लागला. तेवढ्यात वीज आली आणि ऑपरेटरने स्टार्ट दाबलं. उलट्या फिरणाऱ्या मोटरला सुलटं फिरवताना करंट आणि टॉर्क दोन्ही उसळतात. स्टार्टरमध्ये रीस्टार्ट टाइमर घाला. किती सेकंदांचा, ते पंप थांबायला प्रत्यक्ष किती वेळ घेतो ते घड्याळ लावून मोजून ठरवा, वर थोडी सवड ठेवा. व्हर्टिकल टर्बाइनला नॉन-रिव्हर्स रॅचेट असेल तर उत्तम. आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून बघा, बहुतेक वेळा त्याच्या सीटवर काडी अडकलेली असते.

होज काठाच्या उंच भागावरून जात असेल तर वीज जाताक्षणी तिथे निर्वात होऊन मऊ होज चपटा होऊ शकतो. उंच जागी एअर व्हॉल्व्ह हवा, आणि तो चालू हवा. चपटा झालेला होज पुढे दिसायला गोल झाला तरी आतलं अस्तर सुटलेलं असतं. ते सुटलेलं अस्तर पाणी अडवतं आणि तुमच्या वहीत ते गेज चढलेलं, डिस्चार्ज उतरलेला आणि पातळी मात्र जागेवरच, असं दिसतं.